धुऱ्यावरचा धान

माझे वडील आरेवाले होते. आलापल्लीच्या जंगलात सागाचे ओंडके चिरायचं काम. खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवतात, एक माणूस ओंडक्यावर उभा राहतो, दुसरा खड्ड्यात, आणि दोघांत मिळून एक लांब करवत. वरचा माणूस काळी रेघ पाहतो, खालचा नुसता ओढतो. वडील खालचे होते. वर्षानुवर्षं डोळ्यांत भुसा पडून, मी चौथीत जाईपर्यंत त्यांना स्वतःच्या हातावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या होत्या. मग ते झोपडीसमोर बसून अंदाजाने दोर वळत. थोरला भाऊ शाळेत न जाता त्यांच्या जागी खड्ड्यात उतरला. आई जंगलात जाई. उन्हाळ्यात मोहफुलं, पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब. शेत आम्हाला कधीच नव्हतं. पावसाळ्यात चिराई बंद पडली की कण्यांची पातळ आंबील आणि वास्त्यांची भाजी, तीही एकच वेळ. आई म्हणायची, "मले आज भूक नाई." दर पावसाळ्यात ती हेच म्हणायची आणि आम्ही खरं मानायचो.

हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात अंगठा न लावता सही करणारा मी पहिला. कॉलेजात मुलं गावाचं नाव विचारत तेव्हा मी मान वर करून चांदा जिल्हा सांगत असे. ते विचारत, तिकडे वाघ असतात ना? मी म्हणे, असतात, आणि गणितात पहिले येणारेही असतात.

आता नोकरीचं. माझ्या नेमणुकीच्या पत्रात हुद्दा लिहिला आहे 'कॉम्प्युटर'. म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. परदेशात म्हणे या नावाची खोलीभर मोठी यंत्रं निघाली आहेत. आमच्या विद्यापीठात मी आहे आणि माझ्या टेबलावर दांडी फिरवायचं एक गणकयंत्र आहे, भरल्या घागरीएवढं जड. भागाकारात दांडी एक फेरा जास्त फिरली की ते टण्णकन घंटी वाजवतं. घंटी वाजली की समजायचं, एक पाऊल मागे यावं.

हे टेबल ज्या खोलीत आहे तिला 'संयुक्त संशोधन केंद्र' असं मोठं नाव आहे. गणित विभागाच्या मागची खोली. आत तीन कपाटं, एक गणिताचं, एक वनस्पतिशास्त्राचं, एक भाषेचं. तिन्ही विभागांनी मिळून एखादा प्रश्न सोडवायचा, ही लिमयेसरांची कल्पना. लिमयेसर गणिताचे, मूळचे पुण्याचे, बोलतात कमी आणि खडू जास्त मोडतात. वनस्पतिशास्त्राच्या वझलवारबाई. भाषेचे नरसय्यासर, सिरोंचाकडचे, ज्यांना तेलुगू, गोंडी आणि मराठी तिन्ही सारख्याच वेगाने येतात. बाकीचे प्राध्यापक या खोलीला धर्मशाळा म्हणत. विद्यापीठाने मुदत एका वर्षाची दिली होती. दिवाळीनंतर समिती बसणार होती. तोवर तिघांनी मिळून केलेलं एक तरी काम दाखवलं नाही तर कपाटं आपापल्या विभागात परत, आणि माझी नेमणूक रद्द. रद्द झाली असती तर मी लाकूडडेपोत हजेरी मांडायला गेलो असतो. त्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण त्यासाठी मी एवढा शिकलो नव्हतो, आणि त्यासाठी भाऊ खड्ड्यात उतरला नव्हता.

काम ठरलं ते असं. आमच्या झाडीपट्टीत धानाला गावोगाव वेगळी नावं. एका नावाचे दोन धान असतील, किंवा एकाच धानाला तीन भाषांत तीन नावं असतील. बाईंनी लोंब्या पाहायच्या, नरसय्यासरांनी नावं लिहायची, मी मापं घेऊन आकडे मांडायचे, आणि लिमयेसरांनी त्यांतून ठरवायचं की कोण कुणापासून किती वेगळा. दसरा झाला आणि आम्ही निघालो. निघताना मी सांगून टाकलं, "सर, मी तिकडचाच आहे. काही अडलं तर मला विचारा." हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

डोंगा आणि बंडी

छोट्या रुळांच्या गाडीने मूल गावी उतरलो, तिथून मोटारीने वैनगंगेपर्यंत. नदीला पाणी होतं, म्हणून डोंगा. डोंग्यात आमच्यासोबत दोन बकऱ्या, एक शिंपी त्याच्या मशीनसह, आणि मार्कंड्याला नवस फेडायला निघालेलं एक म्हातारं जोडपं होतं. शिंप्याने आमच्या यंत्राच्या पेटीकडे पाहून विचारलं, "कोन्त्या कंपनीची हाय? सुई कुठी बसते?" लिमयेसर त्याला समजावू लागले की हे गुणाकार करतं. शिंपी म्हणाला, "गुनाकार तं मी तोंडीच करतो." म्हातारी हसली. सरांनी पेटी स्वतःकडे ओढून घेतली.

गडचिरोलीला बैलांची बंडी ठरवली. बंडीवाला सोमाभाऊ, पन्नाशीचा, डोक्याला लाल दुपट्टा. धानोऱ्याच्या पुढे आम्हाला जंगलातली सहा गावं करायची होती, एकेक दिवसाच्या अंतराने. वाटेत मोहाची, ऐनाची झाडं, मधूनच उघडं पडणारं पिवळं होत चाललेलं धानाचं बांधन, म्हणजे बांधांत अडवलेलं शेत, आणि पुन्हा झाडी. शहरात मी लोकांना जंगल सांगतो तेव्हा त्यांना अंधार दिसतो. तसं ते नाही. सकाळी पानांतून ऊन खाली येतं तेव्हा वाटेवर कुणी तांदूळ सांडल्यासारखं दिसतं.

दुसऱ्याच दिवशी एका नाल्यात बंडी कलली आणि यंत्राची पेटी पाण्यात गेली. मी उडी मारली. पेटी काढली, उघडली, तर दांडी फिरेना. सरांचा चेहरा उतरला.

"सोमाभाऊ, जरा सांभाळून न्यायचं होतं ना," सर म्हणाले.

"साहेब, बैलाले मी सांगतो. नाल्याले कोन सांगन?"

वझलवारबाई झाडपाल्याचे नमुने दाबायला टीपकागदाचा मोठा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. त्यावरून शहरात सरांशी त्यांचा वाद झाला होता, एवढं ओझं कशाला म्हणून. बाईंनी गठ्ठा सोडला आणि एकेक कागद माझ्या हातात दिला. मी दातेरी चाकांमधलं पाणी टिपलं. नरसय्यासरांनी पुढच्या पाड्यावरून करंजाचं तेल आणलं. कापसाच्या वातीने एकेक चाकाला तेल लावलं. दुपारपर्यंत दांडी फिरली आणि घंटी वाजली. सोमाभाऊ म्हणाला, "वाजली. आता हे मशीन देवघरात ठेवा." तेव्हापासून यंत्राला करंजाचा वास येतो, तो अजून गेलेला नाही.

कोसमटोला

पहिलं मुक्कामाचं गाव कोसमटोला. वीसेक घरं, गोंडांची, सारवलेली अंगणं इतकी स्वच्छ की चप्पल काढूनच चालावंसं वाटलं. इथले लोक घरात गोंडी आणि आमच्याशी झाडीची मराठी बोलतात. गावाचा भूमिया, म्हणजे गावदेवाचं पाहणारा आणि शेतीचे दिवस ठरवणारा कर्ता माणूस, कारू मडावी. उंच, सावकाश बोलणारा. त्याची बायको मैनाबाई सावकाश बोलत नसे.

आम्ही काय करायला आलो ते सरांनी सांगितलं. दोन धानांमधलं अंतर आकड्यात काढायचं आहे.

कारूभाऊने दोन हात लांब करून दाखवले. "म्हनजे दोन धानामंदी कोस किती, असं."

"अगदी बरोबर," सर म्हणाले. सरांना एवढा आनंद झालेला मी वर्गात कधी पाहिला नव्हता.

"काढा ना. पन एक हाय. आमचा नवा व्हाचा हाय अजून. नवा धान देवाले चढवून खाल्ल्याबगर शेतात परका पाय नाई टाकत, अन् विळा तं नाईच नाई. तुमाले पायजे तं धुऱ्यावरून घ्या. धुऱ्याले आमी नाई नाई म्हनत."

धुरा म्हणजे शेताची कड, बांधाला लागून. आम्हाला हे फार उदार वाटलं. बाई म्हणाल्या, लोंब्या त्या लोंब्या, मधल्या काय आणि कडेच्या काय. नरसय्यासरांनी मला विचारलं, "काय हो, तुम्ही इथले. चालेल ना?" मी म्हणालो, "चालतं सर. धान तोच असतो." कुणी विचारलं की उत्तर द्यायचं, ही परीक्षेची सवय.

मग काम सुरू झालं. मी आणि बाई धुऱ्यावरून चालत लोंब्या खुडायचो. नरसय्यासर शेतमालकाला विचारायचे, या शेतात कोणता धान? तो नाव सांगायचा. चिठ्ठीवर नाव, लोंबीला चिठ्ठी. मग अंगणात खाट टाकून मी पाच मापं घ्यायचो. दाण्याची लांबी, रुंदी, दाण्याच्या टोकाच्या कुसळाची लांबी, लोंबीतले दाणे, ताटाची उंची. मग दांडी. मुलंबाळं, म्हातारे सगळे भोवती बसत. घंटी वाजली की सगळे एकमेकांकडे पाहत, जणू देवळात कुणी आलं.

"हे दिवसभर फिरवून याच्यातून पीठ कुठून पडते?" मैनाबाईने विचारलं.

"पीठ नाही पडत बाई. आकडे पडतात."

"ते कशात कालवून खाता?"

जेवायला कोसमटोल्यात भात, उडदाची पातळ डाळ आणि लाल मुंग्यांची चटणी होती. वझलवारबाईंनी मुंग्या खाल्ल्या आणि नाव, रंग, चव वहीत लिहिलं. लिमयेसरांनी डोळे मिटून एक बोट चाखलं आणि म्हणाले, लिंबासारखं आहे. मी दोनदा मागून घेतली. शहरात पाच वर्षं काढूनही जीभ विसरली नव्हती, याचा मला आनंद झाला.

सहा गावं, एक धान

अशी सहा गावं झाली. प्रत्येक गावी नवा व्हायचा होता आणि प्रत्येक गावी आम्हाला धुरा मिळाला. सहा गावांत आम्ही सहा नावांचे धान निवडले. दोन नावं मराठी, तीन गोंडी, एक तेलुगूकडून आलेलं. सहावं गाव करून कोसमटोल्याला परतलो, कारण तिथली अंगणं मोठी आणि सावली चांगली. तिथे बसून मी सगळे आकडे मांडले. गावागावांच्या धानांमधलं अंतर काढलं. सहा गावांच्या पंधरा जोड्या होतात. पंधराही अंतरं जवळजवळ शून्य.

मला वाटलं मी चुकलो. पुन्हा दांडी फिरवली. सरांनी स्वतः तपासलं. तेच.

सर उठून अंगणात फेऱ्या घालत मला म्हणाले, "नावं सहा, धान एक. दामोधर, लक्षात येतंय का तुला? तीन भाषा, सहा नावं आणि पीक एकच. हे एकटं वनस्पतिशास्त्र सांगू शकत नाही, एकटी भाषा सांगू शकत नाही."

बाईंचं मन मानत नव्हतं. "सर, एवढे सारखे? शेजारच्या दोन शेतांत फरक असतो."

"आकडे तुमच्याच लोंब्यांचे आहेत बाई."

सरांनी लगेच पत्र लिहिलं, समितीच्या अध्यक्षांच्या नावाने, आणि धानोऱ्याला बाजाराला निघालेल्या माणसासोबत डाकेत टाकायला दिलं. आमच्या खोलीत नियम आहे की आकड्यांच्या कागदावर दांडी फिरवणाऱ्याची सही लागते. मी सही केली. ठसठशीत. त्या दिवशी मला वाटलं, खोली वाचली, मी वाचलो.

मैनाबाईचं उखळ

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाई अंगणाच्या कोपऱ्यात उखळात धान कांडत होती. गेल्या वर्षीचा धान, आमच्याच जेवणासाठी. मी जवळ बसलो होतो. मोजायची सवय लागली की हात स्वस्थ राहत नाहीत. मी मूठभर धान हातात घेतला. आखूड, जाडसर, गुळगुळीत. टोकाला काहीच नाही.

"बाई, हा कोणता धान?"

तिने नाव सांगितलं. तेच नाव, जे कोसमटोल्याच्या चिठ्ठ्यांवर मी स्वतः नकलून घेतलं होतं. आणि त्या चिठ्ठ्यांच्या लोंब्यांना बोटाएवढी कुसळं होती.

"पण याला कुसळ नाही."

"कुसळाचा धान कोन खाते, बाबू? घशात अडकते. कांडता कांडता हात सोलते."

"मग शेतात आहे तो?"

मैनाबाईने मुसळ थांबवलं. "तुमी धुऱ्यावरचा घेतला ना? तो डुकराचा."

मला समजेना. ती कपाळावरचा घाम पुसत मला अगदी हळू, मंद बुद्धीच्या मुलाला सांगावं तसं सांगू लागली. "जंगलातून रानडुकरं येतात. धुऱ्यावर कुसळीचा धान लावाचा, चारी बाजूनं, तीन-चार वळी. डुकराच्या तोंडाले कुसळ टोचते, ते मागं फिरते. आतमधी आपला धान. असं सगळेच लावतात, सगळ्या गावात. तुमाले नाई मालूम? तू तं म्हने इथलाच हाय."

"आमचं शेत नव्हतं," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा कांडायला लागली. एवढ्या सहज तिने मला माफ केलं की मला रडूच यायचं बाकी होतं. मी इथला होतो, पण इथली फक्त झाडं मला माहीत होती. धुऱ्यावर उभं राहण्याइतकीही जमीन आमच्याकडे कधी आली नव्हती, आणि ते मी सगळ्यांसमोर कबूल केलं नव्हतं. म्हणून सहा गावांत आम्ही आतल्या धानाचं नाव विचारलं आणि बाहेरच्या धानाचं माप घेतलं. सहा गावं एकच धान लावत होती ती डुकरासाठी.

मी तिघांना बोलावलं आणि जसंच्या तसं सांगितलं. माझं "चालतं सर" हेही सांगितलं.

पहिली पाच मिनिटं वाईट गेली. सर बाईंना म्हणाले, तुम्हाला कुसळ दिसलं नाही का? बाई म्हणाल्या, दिसलं, लिहिलंही आहे, तुम्हीच म्हणालात आकडे बोलतील. नरसय्यासर म्हणाले, मी तर फक्त नावं लिहितो. मला दिसत होतं की तिन्ही कपाटं याच अंगणातून आपापल्या विभागात परत निघाली आहेत.

मग बाईंनी आपली वही खाटेवर आपटली. उघडून. पहिल्या गावाच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं: 'लांब कुसळ. एवढ्या कुसळाचा धान हे लोक कसा खातात?' प्रश्नचिन्हासकट. नरसय्यासरांनी ती ओळ वाचली, आपली वही काढली आणि मागचं पान शोधलं. तिथे त्यांनी सहा गावांत सहज कानावर पडलेले शब्द लिहून ठेवले होते, 'अर्थ न लागलेले' म्हणून. 'कुसळी', 'डुकरमाऱ्या', आणि गोंडीतले दोन शब्द, ज्यांचा अर्थ त्यांनी आता कारूभाऊला विचारला. कारूभाऊ म्हणाला, "तोच. धुऱ्याचा." शेजारी माझे पंधरा शून्यांचे कागद ठेवले.

तीन वह्या एका खाटेवर. कुणाच्याच वहीत चूक नव्हती. पण पहिल्या गावापासून त्या एकत्र ठेवल्या असत्या तर तेव्हाच कळलं असतं. आम्ही संयुक्त केंद्र म्हणवत होतो आणि सहा गावं आपापली वही आपापल्या पिशवीत घालून फिरलो होतो.

पत्र गेलं होतं. समितीच्या लोकांपैकी कुणी कोसमटोल्याला येऊन मैनाबाईचं उखळ पाहणार नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी सरांनी माझ्याकडे पाहिलं. "दामोधर, सही तुझी आहे. तू काय म्हणतोस?"

मला यापूर्वी कुणी तसं विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "आकडे बरोबर आहेत सर. पण ते धुऱ्याचे आकडे आहेत. शेताचे म्हणून मी सही करणार नाही."

"नोकरी तुझीही जाईल."

"जाईल."

सरांनी पेन काढलं. दुसरं पत्र पहिल्यापेक्षा लांब झालं. 'आमच्या आधीच्या पत्रातला निष्कर्ष चुकीचा आहे' अशी त्याची सुरुवात होती. मग चूक कशी झाली, कुणाच्या लक्षात कशी आली, सगळं. मैनाबाईचं नाव पूर्ण लिहिलं. सोमाभाऊ स्वतः बंडी जुंपून ते धानोऱ्याला टाकून आला. येताना बाईंसाठी टीपकागद मिळतो का ते पाहून आला. मिळाला नाही.

नवा

आता शेतात पाय टाकायचा तर नव्याची वाट पाहणं आलं. कारूभाऊला सरांनी विचारलं, कधी?

"देव सांगन तेव्हा."

"अंदाजे?"

"सोमवारी," कारूभाऊ म्हणाला. देवाचं त्याने आधीच ठरवून घेतलेलं दिसत होतं.

ते चार दिवस आम्ही वाया घालवले नाहीत. रोज सकाळी तीन वह्या खाटेवर मांडायच्या, एकमेकांना वाचून दाखवायच्या. भांडण रोज झालं, पण वह्या बंद करून कुणी उठलं नाही. लिमयेसर दाण्यावरची तांबूस रेघ ओळखायला शिकले. वझलवारबाई दांडी फिरवायला शिकल्या आणि त्यांची घंटी माझ्यापेक्षा कमी वाजते, हे मला मान्य करावं लागलं.

सोमवारी सकाळी गावदेवासमोर नव्या धानाच्या लोंब्या, कोंबडं, मोहाच्या दारूची धार. नव्या तांदळाचा भात पळसाच्या पानावर, सगळ्या घरांतून एकेक घास गोळा केलेला. माझ्या गावी दिवाळीला आम्ही दुसऱ्याच्या दारात उभं राहून फराळ घेत असू. इथे आधी पाहुण्याच्या पानावर वाढलं, मग घरच्या. ढोल वाजत होता. लिमयेसर नाचणाऱ्या पोरींच्या रांगेच्या शेवटी पाय टाकायला गेले आणि त्यांचा ठेका चुकला. मैनाबाई म्हणाली, "साहेबाची घंटी वाजली."

जेवण झाल्यावर कारूभाऊ आपल्या शेताच्या धुऱ्यावर उभा राहिला, कुसळीच्या ताटांमध्ये हाताने वाट केली आणि म्हणाला, "या आता." कुसळं माझ्या पोटऱ्यांना टोचली. डुक्कर का परत फिरतं ते कळलं. आत धान गुडघ्याच्या वर, जड, वाकलेला. मी आयुष्यात पहिल्यांदा शेताच्या मधोमध उभा होतो.

आता लोंब्या दोन ठिकाणच्या घेतल्या, आतल्या वेगळ्या आणि धुऱ्यावरच्या वेगळ्या. विचारलं ते कारूभाऊलाही आणि मैनाबाईलाही, कारण बियाणं ती राखते आणि तिला नवऱ्यापेक्षा दोन नावं जास्त माहीत निघाली. मग परतीच्या फेरीत बाकीची गावं. चार ठिकाणी नवा झाला होता. एका गावी भूमिया आजारी, नवा पुढे गेलेला. सर म्हणाले, थांबायला दिवस नाहीत, रकाना रिकामा ठेव. मी रिकामा ठेवला. त्यात काही भरलेलं नाही.

पाच गावांच्या आतल्या धानाचे आकडे मांडले. पाच नावांचे चार धान निघाले. दोन गावं, एक मराठी नाव सांगणारं आणि एक गोंडी, एकच धान लावत होती आणि त्यांना एकमेकांचं नाव माहीत नव्हतं. बाकी तीन खरेच वेगळे. आणि धुऱ्यावरचा धान सहाही गावांत एकच, हे तर आधीच सिद्ध झालं होतं. पहिली चूक अशी अहवालाचं एक पूर्ण प्रकरण झाली.

परत

परतीला बाईंच्या पिशवीत चिठ्ठ्या लावलेल्या लोंब्या, नरसय्यासरांच्या वहीत मागच्या पानांवरून पुढच्या पानांवर आलेले शब्द, आणि माझ्या मांडीवर यंत्र. नाला आला तेव्हा सोमाभाऊ खाली उतरला, बैलांच्या पुढे चालला आणि सरांना ऐकू जाईल असं नाल्याला म्हणाला, "जाऊ दे बा, विद्वान मानसं हाय." वैनगंगेचं पाणी उतरलं होतं. डोंगा वाळूला लागेपर्यंत सर मला समजावत होते की पुढच्या वर्षी शेतातला धान आणि धुऱ्याचा धान यांचं गावच्या जंगलाशी नातं कसं मांडायचं. पुढचं वर्ष मिळणार की नाही हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तरी ते बोलत होते आणि मी ऐकत होतो.

समिती दिवाळीनंतर बसली. दोन्ही पत्रं त्यांच्यासमोर होती. पहिलं पाहून, ऐकतो ते असं, एका सदस्याने मान डोलावली आणि दुसरं पाहून बाकीच्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रश्न तासभर चालले. सरांनी मला बाहेरून आत बोलावून घेतलं, आकडे मी सांगितले.

या प्रवासाला आता तीन महिने होतात. केंद्र चालू ठेवायचं ठरलं आहे. तिन्ही कपाटं खोलीतच आहेत, भिंतींना लागून नाहीत, मधोमध एकमेकांना पाठ लावून, आणि समोर एक लांब टेबल आहे ज्यावर वह्या उघड्याच राहतात. माझी नेमणूक कायम झाली. अहवाल छापून आला आहे. पहिल्या पानावर चार नावं आहेत आणि चौथं माझं आहे.

भावाला मी हे सगळं पत्रात लिहिलं. त्याने ते डेपोतल्या कारकुनाकडून वाचून घेतलं आणि वडिलांना सांगितलं.